वांगं चुलीवर ठेवलं, आता ४ सेकंदांनी काय? गोडोमधले टायमर सुरुवातीपासून

थंडी पडली की आपल्याकडे शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, कपाशीच्या काड्यांवर हिरवी मोठी वांगी टाकायची, भाजली की साल काढायची, ठेचायची आणि मग कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. माझा चुलतभाऊ बारावीला आहे, गावी यावल तालुक्यात राहतो, त्याला याच भरीत पार्टीचा गेम बनवायचा होता. गोडो, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर (गेम इंजिन), उतरवून घेतलं, वांग्याचं चित्र काढलं, चूल काढली, सगळं छान जमलं आणि मग अडला. म्हणे दादा, वांगं चुलीवर ठेवल्यावर ४ सेकंदांनी भाजलं पाहिजे, आणि ते तिथेच राहिलं तर अजून ३ सेकंदांनी जळलं पाहिजे, पण हे "४ सेकंदांनी" लिहू कुठे?

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि नवीन माणूस इथेच अडतो. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहून ठेवतोय. सगळं गोडो ४ साठी आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, म्हणून मी नवीन पोरांना तेच सांगतो. एक गोष्ट आधीच सांगतो, कोड मी इथे बोलतो तसा देवनागरीत लिहिलाय, तुम्ही टाईप करताना इंग्रजी अक्षरात करायचा आणि जिथे मी दोन शब्दांमध्ये जोडरेघ दिलीय तिथे अंडरस्कोर टाकायचा. म्हणजे क्रिएट-टायमर दिसलं की मध्ये अंडरस्कोर.

आधी हे डोक्यात पक्कं करा

गेम म्हणजे एक चक्र आहे. साधारण सेकंदाला ६० वेळा इंजिन तुमच्या स्क्रिप्टला, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या कोडला विचारतं, तुझं काही काम आहे का, तुम्ही पटकन काम करून परत यायचं, मग ते चित्र काढतं, की परत पुढची फेरी. एका फेरीला, म्हणजे एका फ्रेमला, जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात. आता यात तुम्ही "४ सेकंद थांब" असं म्हणून तिथेच बसून राहिलात तर इंजिनही तिथेच बसतं. चित्र हलत नाही, बटण दाबलं जात नाही, आवाज सोडला तर सगळं गोठतं.

गोडोमध्ये ओएस डॉट डिले-एमसेक नावाचं फंक्शन (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) आहे, ते नेमकं हेच करतं. मी स्वतः कॉलेजच्या प्रोजेक्टला ते वापरलं होतं, घरी अर्ध्या सेकंदाचं होतं म्हणून कळलं नाही, डेमोच्या आदल्या रात्री ते ३ सेकंद केलं आणि सगळ्यांसमोर खिडकीवर "प्रतिसाद देत नाही" असं आलं. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण कोडमध्ये चूक काय तेच समजत नव्हतं, ओळ तर बरोबर होती. तेव्हापासून मी पहिल्यांदा हेच सांगतो की गेममध्ये थांबायचं नसतं, निरोप ठेवायचा असतो. "४ सेकंदांनी मला हाक मार" असं सांगून आपण आपल्या कामाला लागायचं.

शेतातल्या मोटारीचं ऑटो बघितलंय ना? रात्री लाईट आली की मोटर लगेच सुरू होत नाही, ऑटोमध्ये टायमर असतो, तो थोडा वेळ जाऊ देतो मग स्टार्टर ओढतो. आणि त्या मधल्या वेळात लाईट परत गेली तर? मग जुना हिशोब रद्द, पुन्हा लाईट येईल तेव्हा पहिल्यापासून मोजायचं. हे "रद्द" नीट लक्षात ठेवा, कारण टायमर लावणं सोपं आहे, बहुतेक सगळे बग हे रद्द न केलेल्या टायमरचे असतात.

पायरी १: टायमर नोड जोडा

वांग्याचा सीन उघडा. नोड म्हणजे गेमचा एकेक तुकडा, आणि सीन म्हणजे अशा नोडांचा एकत्र बांधलेला संच. वर नोड टू-डी, त्याला नाव वांगी द्या, इंग्रजी अक्षरात. त्याच्या खाली स्प्राईट टू-डी, म्हणजे चित्र. आता वांगी नोडवर राईट क्लिक करून ॲड चाईल्ड नोड, शोधायच्या जागी टायमर लिहा, तो जोडा आणि नाव भाजटायमर करा. घड्याळाचं चिन्ह दिसेल.

उजवीकडे इन्स्पेक्टरमध्ये त्याच्या गोष्टी दिसतात. वेट टाईम, म्हणजे किती सेकंद, तिथे मुळात १ असतं, आपण ४ करायचं. इथे आकडा सेकंदात आहे हां, ज्यांनी जावास्क्रिप्ट केलंय त्यांच्या हाताला सेट टाईमआऊटची सवय असते, तिथे मिलिसेकंद असतात, तर ते इथे येऊन ४००० लिहितात आणि मग तासाभराच्या वर वाट बघावी लागेल अशी वेळ येते. दुसरं वन शॉट, हे मुळात बंद असतं, म्हणजे टायमर एकदा वाजला की आपोआप परत सुरू होतो, परत वाजतो, चालूच राहतो. वांगं एकदाच भाजायचंय म्हणून वन शॉटला टिक करा. तिसरं ऑटोस्टार्ट, सीन सुरू झाला की टायमरही सुरू, ते आत्ता बंदच ठेवा कारण वांगं अजून चुलीवर ठेवलंच नाही.

पायरी २: वाजल्यावर कोणाला सांगायचं

टायमर वाजला की तो टाईमआऊट नावाचा सिग्नल सोडतो. तो ऐकायला कोणीतरी पाहिजे. वांगी नोडला स्क्रिप्ट जोडा, मग भाजटायमर निवडून उजवीकडच्या नोड टॅबमध्ये सिग्नल्स उघडा, टाईमआऊटवर डबल क्लिक, वांगी नोड निवडा, कनेक्ट. स्क्रिप्टमध्ये आपोआप एक रिकामं फंक्शन येतं आणि त्याच्या ओळीशेजारी छोटं हिरवं चिन्ह दिसतं, ते दिसलं म्हणजे जोडणी झाली.

हेच कोडमधून पण होतं: रेडी फंक्शनमध्ये (नोड तयार झाला की इंजिन ते चालवतं) डॉलर चिन्ह, भाजटायमर डॉट टाईमआऊट डॉट कनेक्ट, आणि कंसात तुमच्या फंक्शनचं नाव. फक्त नाव. नावापुढे परत कंस लावले तर तुम्ही फंक्शन तिथल्या तिथे चालवलं, जोडलं नाही. आणि दोन्हीपैकी एकच पद्धत ठेवा, एडिटरमधूनही जोडलं आणि कोडमधूनही तेच जोडलं तर सिग्नल आधीच जोडलेला आहे अशी लाल एरर येते.

पायरी ३: ठेवलं, उचललं, जळलं

स्क्रिप्टच्या वर एक व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायची जागा करा, नाव अवस्था. तिची किंमत कच्चं, भाजलेलं किंवा जळलेलं. चुलीवर ठेवण्याच्या फंक्शनमध्ये एकच ओळ, डॉलर भाजटायमर डॉट स्टार्ट, कंसात ४. टाईमआऊटच्या फंक्शनमध्ये असं लिहा: अवस्था कच्चं असेल तर ती भाजलेलं करा, चित्र बदला, आणि तोच टायमर परत स्टार्ट करा, कंसात ३. नाहीतर अवस्था भाजलेलं असेल तर जळलेलं करा. झालं, एकाच टायमरवर दोन टप्पे, दोन वेगळे टायमर लागतच नाहीत.

इथे एक बारीक गोष्ट आहे. स्टार्टच्या कंसात आकडा दिला की तो आकडा वेट टाईममध्येच जाऊन बसतो, फक्त त्या वेळेपुरता नसतो. म्हणजे ३ देऊन सुरू केल्यावर पुढच्या वेळी तुम्ही रिकाम्या कंसाने स्टार्ट केलं तर ४ नाही, ३ सेकंद मोजले जातील. भावाचं दुसरं वांगं नेहमी लवकर भाजून राहिलं होतं ते यामुळेच, अर्धा तास आम्ही चित्रांमध्ये शोधत होतो. माझी सवय आता अशी आहे की एका टायमरचे दोन वापर असतील तर दर वेळी कंसात आकडा लिहायचाच.

आता वांगं अर्धवट भाजलेलं असताना उचललं तर काय? इथे तुम्हाला गेमच्या नियमाचा विचार करावा लागतो, कोडचा नंतर. डॉट स्टॉप केलं तर टायमर पूर्ण थांबतो आणि परत ठेवल्यावर पहिल्यापासून ४ सेकंद. पण खरं वांगं असं कच्चं होतं का परत? अर्धं भाजलेलं वांगं अर्धं भाजलेलंच राहतं. म्हणून इथे स्टॉप नको, डॉट पॉज्ड बरोबर ट्रू, म्हणजे उरलेला वेळ तसाच राहतो, आणि परत ठेवल्यावर पॉज्ड बरोबर फॉल्स, तेव्हा स्टार्टची ओळ चालवायची नाही, नाहीतर पहिल्यापासून मोजेल. मोटारीच्या ऑटोला रद्द बरोबर होतं, वांग्याला पॉज बरोबर आहे. आणि पॉज्ड ट्रू असताना कितीही वेळा स्टार्ट म्हणा, टायमर पुढे सरकत नाही, आधी पॉज्ड फॉल्स करावंच लागतं. "स्टार्ट तर करतोय पण वाजत नाही" या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच असतं. दुसरं कारण म्हणजे टायमर नोड कोडमधून बनवला पण ॲड-चाईल्ड करून सीनमध्ये घातलाच नाही, असा बाहेर राहिलेला टायमर चालत नाही.

किती भाजलं ते पट्टीवर दाखवायचं असेल तर प्रोसेस फंक्शनमध्ये (इंजिन दर फ्रेमला बोलावतं ते) टाईम-लेफ्टला वेट-टाईमने भागा, उरलेला भाग मिळतो, १ मधून तो वजा केला की झालेला भाग. ही पट्टी दाखवाच, खेळणाऱ्याला वाट बघणं गोड वाटतं ते तिच्यामुळे.

पायरी ४: पाहुणे येत राहतात

पाहुण्यांसाठी मुख्य सीनमध्ये दुसरा टायमर जोडा, वन शॉट बंद, ऑटोस्टार्ट चालू, वेट टाईम ५. दर ५ सेकंदांनी टाईमआऊट, दर टाईमआऊटला नवा पाहुणा. पण पार्टीला माणसं अशी घड्याळ लावून येत नाहीत, म्हणून वेळ कमी-जास्त करायची असेल तर मी वन शॉट चालू करतो आणि टाईमआऊटच्या फंक्शनमध्ये शेवटी परत स्टार्ट म्हणतो, कंसात रँडएफ-रेंज, २ ते ६, म्हणजे त्यांच्यामधला कुठलाही आकडा. वन शॉट बंद ठेवून नुसता वेट टाईम बदलला तर पुढची फेरी आधीच्याच आकड्याने सुरू झालेली असते, बदल एक फेरी उशिरा दिसतो आणि माणूस गोंधळतो.

पायरी ५: एका ओळीचा टायमर, अवेट

प्रत्येक छोट्या गोष्टीला नोड जोडायचा कंटाळा येतो. वांगं भाजलं की "झालं भो!" अशी पाटी दीड सेकंद दाखवून लपवायची, एवढंच आहे. त्यासाठी ही ओळ: अवेट, मग गेट-ट्री आणि रिकामे कंस, डॉट क्रिएट-टायमर, कंसात १.५, डॉट टाईमआऊट. तिच्या वर पाटी दाखवा, तिच्या खाली पाटी लपवा. अवेटपाशी ते फंक्शन बाजूला ठेवलं जातं, इंजिन पुढे चालू राहतं, आणि दीड सेकंदाने फंक्शन तिथूनच पुढे सुरू होतं. जुन्या व्हिडिओंमध्ये याच जागी यील्ड दिसेल, ते गोडो ३ चं आहे, ४ मध्ये चालणार नाही. गोडो ४ मार्च २०२३ मध्ये आलं, त्याच्या आधीचा व्हिडिओ असेल तर हा फरक धरूनच बघा.

दिसायला इतकं सुंदर आहे की पोरं सगळीकडे अवेट लावत सुटतात. म्हणून याच्यावर जरा जास्त बोलतो.

एक, प्रोसेस फंक्शनमध्ये अवेट लावू नका. ते फंक्शन सेकंदाला ६० वेळा बोलावलं जातं, आधीचं थांबलंय का हे कोणी बघत नाही, म्हणजे दर सेकंदाला ६० नवीन वाट बघणारे तयार होतात आणि दीड सेकंदाने सगळे एकामागे एक जागे होतात. "एकच गोळी सुटायला पाहिजे होती, शंभर सुटल्या" हा प्रकार बहुतेक इथूनच येतो.

दोन, ज्याने हे फंक्शन बोलावलं तो थांबत नाही. पाटी-दाखव हे फंक्शन आतून दीड सेकंद थांबतं, पण बोलावणारा लगेच पुढच्या ओळीवर जातो. त्यालाही थांबवायचं असेल तर तिथे पण अवेट पाटी-दाखव असं लिहावं लागतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. समजा एक वांगं भाजलं, पाटी आली, एका सेकंदाने दुसरं वांगं भाजलं, पाटी परत आली. दुसरी पाटी अडीचव्या सेकंदापर्यंत दिसायला पाहिजे ना? पण पहिल्या वेळचा टायमर अजून जिवंत आहे, तो दीडव्या सेकंदाला वाजतो आणि दुसरी पाटी अर्ध्या सेकंदात गायब करतो. कोड वाचला तर चूक कुठेच दिसत नाही, एकेक वांगं हळू भाजलं तर सगळं नीट चालतं, घाईत खेळलं की बिघडतं. हा तोच लाईट गेल्यावर रद्द न झालेला ऑटो. क्रिएट-टायमरने बनवलेल्या टायमरला स्टॉप नाही. म्हणून जी गोष्ट मधेच परत होऊ शकते किंवा रद्द होऊ शकते तिथे टायमर नोडच वापरा, पाटीला स्वतःचा पाटीटायमर द्या, वन शॉट, आणि दर वेळी पाटी दाखवताना स्टार्ट म्हणा. चालू टायमरला परत स्टार्ट म्हटलं की तो पहिल्यापासून मोजतो, म्हणजे जुना हिशोब आपोआप पुसला गेला.

पण नोडच्या टाईमआऊटवर अवेट लावून ठेवलं आणि मधेच तो नोड स्टॉप केला, तर तो वाजणारच नाही आणि अवेटच्या खालच्या ओळी कधीच चालणार नाहीत. स्टॉप करायची शक्यता असेल तिथे सिग्नल जोडून फंक्शनच लिहा.

चार, जागं झाल्यावर आजूबाजूला बघा. पाहुण्याला "थांबा, २ सेकंदात वाढतो" म्हणून अवेट लावलं आणि त्या २ सेकंदांत पाहुणा कंटाळून निघून गेला, म्हणजे त्याचा नोड क्यू-फ्री करून गेममधून काढून टाकला, तर खालची ओळ नसलेल्या माणसाच्या ताटात भरीत वाढायला जाते आणि गेम एरर देऊन बंद पडतो. अवेटनंतर दुसऱ्या नोडला हात लावायच्या आधी इझ-इन्स्टन्स-व्हॅलिड विचारा, कंसात तो नोड. फक्त आहे-नाही एवढंच नाही, त्याची अवस्थाही विचारा, कदाचित पाहुणा आहे पण त्याला दुसऱ्याने वाढून झालंय.

पायरी ६: पॉज केल्यावर काय होतं ते तपासा

गेट-ट्री डॉट पॉज्ड बरोबर ट्रू केलं की टायमर नोड थांबतो, कारण तो बाकी नोडसारखाच आहे. पण क्रिएट-टायमरवाला थांबत नाही! त्याला कंसात दुसरी किंमत द्यावी लागते, सेकंदांनंतर स्वल्पविराम देऊन फॉल्स लिहायचं, म्हणजे "पॉजमध्ये चालू नकोस". काही लिहिलं नाही तर तो ट्रू धरतो. खेळणाऱ्याने आईचा फोन आला म्हणून गेम पॉज केला आणि परत आला तर पाहुणे रागावून गेलेले, हे बरोबर नाही. म्हणून मी गेममधल्या गोष्टींना नेहमी फॉल्स लिहितो, आणि पॉज मेनूच्या स्वतःच्या ॲनिमेशनसाठी ट्रू राहू देतो. एकदा गेम चालू करून मुद्दाम वांगं चुलीवर असताना पॉज करा, १० सेकंद थांबा, परत चालू करा. वांगं जळलेलं दिसलं तर कुठेतरी फॉल्स लिहायचा राहिलाय.

खूप छोट्या वेळांना टायमर वापरू नका. टायमर एका फ्रेममध्ये एकदाच वाजू शकतो, त्यामुळे ०.०५ सेकंदांच्या खाली गेलात की कोणाच्या मोबाईलवर किती फ्रेम निघतात यावर तुमचा गेम अवलंबून राहतो. तिथे प्रोसेसमध्ये येणारा डेल्टा, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, एका व्हेरिएबलमध्ये जमा करत जा आणि तो पुरेसा झाला की काम करा.

दुसऱ्या इंजिनमध्ये नावं बदलतात, रोब्लॉक्समध्ये टास्क डॉट डिले आणि टास्क डॉट वेट आहे, युनिटीमध्ये कोरुटीन आणि वेट फॉर सेकंड्स, तिथे टाईम स्केल शून्य केला की वेट फॉर सेकंड्सही थांबतं आणि न थांबणारं वेट फॉर सेकंड्स रिअलटाईम वेगळं आहे. प्रश्न मात्र तेच विचारायचे, रद्द कसा होतो, पॉजमध्ये काय होतं.

तासांचे टायमर

भावाचं पुढचं स्वप्न केळीच्या बागेचा गेम आहे, यावल-रावेरकडचा माणूस केळी सोडून दुसरं काय करणार. घड पिकायला गेममध्ये ६ तास. त्याने वेट टाईममध्ये २१६०० लिहून ठेवलं होतं. गेम बंद केला की टायमरही गेला, दुसऱ्या दिवशी उघडला तर परत शून्यापासून. एवढ्या मोठ्या वेळेला टायमर लावायचाच नाही, घड लावताना टाईम डॉट गेट-युनिक्स-टाईम-फ्रॉम-सिस्टीम विचारा, तो सेकंदांचा मोठा आकडा सेव्ह फाईलमध्ये ठेवा, आणि गेम उघडल्यावर आत्ताचा आकडा घेऊन वजाबाकी करा. फरक २१६०० किंवा जास्त असेल तर घड पिकला. कमी असेल तर उरलेले सेकंद दाखवा, आणि ती पट्टी सरकवायला १ सेकंदाचा साधा टायमर पुरतो. कोणी मोबाईलचं घड्याळ पुढे करून केळी पिकवेल, आणि मागे केलं तर वजाबाकी उणे येईल, तेवढं एक इफ लावून उणे आलं की शून्य धरा.